हापूसच्या दुकानात परका आंबा

देवगड-रत्नागिरीकडचे कितीतरी बागायतदार आता दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकाला पेटी पाठवतात. त्यासाठी वेबसाइट लागते आणि वेबसाइटला चित्र लागते. मग पहिल्याच पानावर आंबा झळकतो तो लालबुंद गालांचा, चकचकीत सालीचा, अंगावर पाण्याचे थेंब असलेला. जाणत्याला एका नजरेत कळते, हा हापूस नव्हे. बहुधा तो टॉमी ॲटकिन्स असतो. ही फ्लोरिडातली जात लांबच्या प्रवासात टिकते, म्हणून अमेरिका-युरोपच्या बाजारात तिचा सुळसुळाट. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर इथल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘आमच्याच मातीतला’ हे सांगण्याचा कायदेशीर हक्क हाती आला, आणि दुकानाच्या दारात मात्र परक्या मातीतले फळ.

यात फसवणुकीचा हेतू क्वचितच असतो. आयस्टॉकफोटो २००० मध्ये आले, शटरस्टॉक २००३ मध्ये, अनस्प्लॅश २०१३ मध्ये. तयार छायाचित्रे आधी स्वस्त झाली, मग फुकट. वेबसाइट बनवून देणारा मुलगा ‘मँगो’ असे टाइप करतो आणि पहिले देखणे चित्र उचलतो. मालकही खूश, कारण आपण मोठ्या कंपनीसारखे दिसावे ही त्याची इच्छा असते. ती खुळी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २००२ मधल्या अभ्यासात २,६८४ जणांना वेबसाइटांची विश्वासार्हता जोखायला सांगितले होते. त्यांच्या शेऱ्यांपैकी ४६.१ टक्क्यांत मांडणी आणि रंगरूपाचा उल्लेख होता. दिसण्याला महत्त्व आहे, हे मालकाने बरोबर ओळखले. चुकते ते कोणासारखे दिसायचे याचे उत्तर.

मोठ्या कंपनीच्या मालकाला गिऱ्हाईक कधी भेटत नाही, म्हणून तिला चित्रांतून चेहरा घडवावा लागतो. लहान व्यावसायिकाला तो आयताच असतो: त्याची बाग, त्याची अढी, पेटी भरणारे हात. उसने चित्र लावून तो हेच भांडवल झाकून ठेवतो. वेबसाइटांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २०१० मध्ये वाचकांची नजर कुठे फिरते ते नोंदवले, तेव्हा शोभेपुरती चित्रे लोक सरळ ओलांडून जाताना दिसले. थांबत होते ते खऱ्या माणसांच्या आणि खऱ्या वस्तूंच्या चित्रांपाशी.

कोणी म्हणेल, उसनी चित्रे आपल्या व्यापारात जुनीच आहेत. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तिथल्या चित्रांच्या धर्तीच्या लक्ष्मी-सरस्वती मालाच्या वेष्टनांवर आणि कॅलेंडरांवर विराजमान झाल्या. खरे आहे. पण साबणाच्या वेष्टनावरची लक्ष्मी हे शुभचिन्ह होते. ती याच कारखान्यात राहते असे कोणी समजले नाही. विक्रीच्या पानावरचे छायाचित्र मात्र साक्ष देते: ‘हेच तुमच्या घरी येईल.’ सजावट उसनी घेता येते, साक्ष उसनी घेता येत नाही.

म्हणून परदेशी चित्र काढून नथ, फेटा आणि वारली नक्षी डकवली की काम झाले, असेही नाही. तेही कोठारातलेच सामान, फक्त कोठार आपले. वारली चित्रे पालघरकडच्या आदिवासींच्या घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने रेखली जातात. लोणच्याच्या बरणीमागची ती नाचणारी माणसे लोणचे कोणी घातले हे सांगत नाहीत. मराठीपण दाखवायचेच तर ते अक्षरांत दाखवावे. पण कित्येक वेबसाइटांवर इंग्रजीच्या सवयीने अक्षरांत अंतर सोडतात, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. दोन ओळी इतक्या जवळ आणतात की वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

आपले चित्र काढले म्हणजे ते चांगलेच निघेल, असेही नाही. ट्यूबलाइटखाली हापूसचा केशरी-पिवळा रंग हिरवट दिसतो. सकाळी खिडकीजवळच्या उजेडात तो खरा उतरतो. शेजारी हात असला की आकार कळतो, उघडी पेटी दाखवली की फळे कशी रचली आहेत ते समजते. साध्या मोबाइलवर हे जमते, पण त्यासाठी वेळ काढावा लागतो, आणि हंगामात तोच नसतो. ही अडचण खरी आहे. तिला उत्तर एवढेच की पेट्या भरायच्या दिवसांत एक सकाळ याच कामाला द्यावी.

खरे चित्र लावले तर सालीवरचे डाग दिसतील, ही भीतीही असते. पण पेटी गिऱ्हाइकाच्या घरी उघडणारच आहे आणि डाग तिथे दिसणारच आहेत. प्रश्न इतकाच की ते आधी तुम्ही दाखवायचे, की नंतर त्याने शोधायचे. गर आतून खराब करणारा साका तर कोणत्याच छायाचित्रात दिसत नाही. तिथे गिऱ्हाइकाला तुमच्या शब्दावर विसंबावे लागते. दिसणाऱ्या गोष्टीत ज्याने खोटे दाखवले, त्याच्या न दिसणाऱ्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवील? आणि आंब्याचा धंदा पहिल्या पेटीवर चालत नाही, पुढच्या वर्षीच्या मागणीवर चालतो.