म्हातारा राजा आधी कोण होता?

शेक्सपिअरच्या नाटकात लिअर राजा पहिल्या प्रवेशात येतो तेव्हा त्याने वयाची ऐंशी ओलांडलेली आहे. आल्या आल्या तो नकाशा मागवतो, राज्याच्या तीन वाटण्या करणार असल्याचं जाहीर करतो आणि भरदरबारात मुलींना विचारतो, तुमच्यापैकी कोणाचं माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे? गॉनरिल आणि रीगन या थोरल्या दोघी तोंड भरून बोलतात. धाकट्या कॉर्डेलियाला तसं बोलता येत नाही, म्हणून बाप तिला हाकलून देतो. पुढे येतं ते वादळ, वेड आणि शेवटी त्याच मुलीचं प्रेत हातांत घेऊन फोडलेला टाहो. या साऱ्यात एक प्रश्न मात्र उभा राहतो आणि तसाच राहतो. त्या ऐंशी वर्षांत हा माणूस काय करत होता? राज्य त्याने कसं मिळवलं, कसं टिकवलं, त्यापायी कोणाची घरं बुडवली?

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांना हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. लिअरला भूतकाळच नाही, याचं आपल्याला कोडं पडायचं, असं त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. त्या कोड्यातून १९८५ साली ‘रान’ हा चित्रपट आला. या जपानी शब्दाचा अर्थ अंदाधुंदी. शोकांतिकेवरून केलेल्या चित्रपटांची चर्चा निघाली की मूळ कलाकृतीशी तो किती प्रामाणिक राहिला, हेच बहुधा मोजलं जातं. ‘रान’ला ती मोजपट्टी लावली तर त्याचं मोठेपण हातून निसटतं. हा चित्रपट नाटकाला एक प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर स्वतःच्या हिमतीवर देतो.

मुळात शेक्सपिअरने हा भूतकाळ नजरचुकीने गाळलेला नाही. त्याच्या आधी याच कथेवरचं एक नाटक लंडनमध्ये होऊन गेलं होतं आणि १६०५ साली ते छापूनही आलं. त्या जुन्या नाटकातला राजा वागतो त्याला कारण आहे. त्याची राणी नुकतीच वारली आहे आणि प्रेमाची ही परीक्षा म्हणजे धाकटीला आपल्या पसंतीच्या स्थळाशी लग्न करायला भाग पाडण्याचा डाव आहे. शेवटी त्याला गादी परत मिळते. शेक्सपिअरने राणीचा मृत्यू काढला, डाव काढला, गादी परत मिळणंही काढलं. २६ डिसेंबर १६०६ रोजी राजे पहिले जेम्स यांच्यासमोर हे नाटक झालं, तेव्हा रंगमंचावर होता तो मागचापुढचा हिशेब नसलेला एक म्हातारा आणि त्याच्या चुकीच्या कितीतरी पट मोठी शिक्षा.

ही शिक्षा प्रेक्षकांना सोसवली नाही. नेहम टेटने १६८१ मध्ये नाटकाचा शेवटच बदलला. त्याच्या आवृत्तीत लिअर जगतो, कॉर्डेलियाचं सरदार ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्याशी लग्न लागतं आणि विदूषक तर नाटकातून गायबच होतो. पुढची दीडशेहून अधिक वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर हा गोड लिअर चालला. १८३८ मध्ये विल्यम मॅक्रेडीने विदूषकासह मूळ लिअर परत आणला. सॅम्युएल जॉन्सनसारख्या कणखर समीक्षकालाही कॉर्डेलियाच्या मृत्यूने इतका धक्का बसला होता की संपादनाचं काम अंगावर येईपर्यंत त्याने ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचले नाहीत. कारण कळलं तर दुःख पचवता येतं. लिअर कारणच देत नाही.

कुरोसावांची वाट वेगळ्याच टोकापासून निघाली. त्यांच्या डोक्यात आधी होता तो सोळाव्या शतकातला जपानी सरदार मोरी मोतोनारी. त्याची दंतकथा जपानात लहान मुलांनाही माहीत आहे: एक बाण सहज मोडतो, तीन एकत्र धरले तर मोडत नाहीत, तेव्हा तिघा मुलांनी एकीने राहावं. कुरोसावांनी मनात उलटा विचार केला, हे मुलगे चांगले निघाले नसते तर? तिथे लिअर या कथेत येऊन मिसळला. मुलींच्या जागी मुलगे आले, तारो, जिरो आणि साबुरो. चित्रपटातला सत्तरीचा सरदार हिदेतोरा इचिमोंजी बाणांचा हाच दाखला देतो, तेव्हा धाकटा साबुरो तिन्ही बाण गुडघ्यावर ठेवून मोडून दाखवतो. रक्तपात करून उभं केलेलं घराणं एकीच्या धड्यावर टिकणार नाही, हे बापाला तोंडावर सांगणारा तो एकटाच. त्याला हद्दपारी मिळते.

पैसा उभा राहत नव्हता. त्या वर्षांत कुरोसावा चित्रपटातली दृश्यं रंगवत बसत. अखेर फ्रेंच निर्माते सर्ज सिल्बरमन पाठीशी उभे राहिले. कुरोसावा तेव्हा पंचाहत्तरीला आले होते आणि चित्रीकरण चालू असतानाच त्यांची पत्नी वारली. पडद्यावरचे शेकडो पोशाख हातांनी तयार केले गेले. एमी वादा यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. पण चित्रपटाचा खरा कणा आहे तो हिदेतोराचा भूतकाळ.

हा भूतकाळ आठवण म्हणून दाखवला जात नाही. तो जिवंत माणसांच्या रूपाने समोर येऊन उभा राहतो. थोरली सून काएदे ज्या गढीत नांदते ती तिच्याच माहेरची. हिदेतोराने तिच्या बापाला आणि भावांना मारून ती बळकावलेली आहे. मधली सून सुए हिचे आईबापही त्यानेच संपवले. एक सून सूडासाठी जगते, दुसरी बुद्धाच्या नावात विसावा शोधते. हिदेतोराला सुएची शांती जास्त झोंबते. तू माझा द्वेष केलास तर मला सोपं जाईल, असं तो तिला म्हणून बसतो.

आणि मग ती झोपडी. वादळातून वाट काढत वेडा हिदेतोरा, विदूषक क्योआमी आणि इमानी सरदार तांगो तिथे आसऱ्याला येतात. आत केस मोकळे सोडलेली एक आकृती बसलेली आहे, बाई आहे की पुरुष ते पटकन कळत नाही. तो निघतो सुएचा भाऊ त्सुरुमारू. लहानपणी हिदेतोराने जीवदान दिलं, पण त्या बदल्यात त्याचे डोळे काढले. घरात पाहुण्यांना द्यायला काही नाही, म्हणून तो आंधळा बासरी वाजवतो. ते सूर हिदेतोराला सहन होत नाहीत.

नाटकातल्या ग्लॉस्टरचे डोळे प्रेक्षकांच्या देखत काढले जातात. ते काढणारा कॉर्नवॉल, म्हणजे लिअरचा जावई. लिअरचा त्याच्याशी संबंध नाही, तो तिथे हजरही नाही. कुरोसावांनी तेच कृत्य उचललं, कित्येक वर्षं मागे नेऊन ठेवलं आणि करणाऱ्याच्या जागी खुद्द राजाला उभं केलं. चित्रपटातला हा सर्वांत धाडसी बदल. नाटकात वादळ आणि झोपडी लिअरला गरिबांचं दुःख शिकवतात. इथे झोपडीत बसलेलं दुःख त्याच्याच हातचं आहे.

दुसरा मोठा फरक आवाजाचा. लिअरचं वादळ शब्दांचं आहे. नट आभाळाला शिव्याशाप देतो आणि रिकाम्या फळ्यांवर पाऊस कोसळू लागतो. ग्लॉस्टरचा कडाही तसाच. डोव्हरच्या कड्यावर आपण उभे आहोत, असं एडगर आंधळ्या बापाला नुसत्या वर्णनाने पटवतो. बाप उडी मारतो आणि सपाट जमिनीवर पडतो. ही किमया फक्त रंगभूमीच करू शकते, कारण प्रेक्षकांनाही त्या फळ्या दिसत असतात. कॅमेऱ्यापुढे कडा म्हणजे कडाच. म्हणून कुरोसावांनी त्सुरुमारूला शेवटी खरोखरच्या कड्यावर आणून सोडलं, आणि त्याला सावध करायला शेजारी कोणी ठेवलं नाही.

तिसऱ्या गढीवरचा हल्ला पाहताना आवाजातला हा फरक आणखी ठळकपणे जाणवतो. तारो आणि जिरो यांच्या फौजा एकत्र बापावर चालून येतात. बाणांनी चाळण झालेली माणसं, तुटलेले हात, एकमेकींना भोसकून मरणाऱ्या स्त्रिया हे सगळं पडद्यावर घडत राहतं, पण ना किंकाळी ऐकू येते ना घोड्यांच्या टापा. कित्येक मिनिटं फक्त तोरू ताकेमित्सुंचं संथ, शोकाकुल संगीत. मग बंदुकीचा एक बार. जिरोच्या माणसाने झाडलेल्या गोळीने तारो घोड्यावरून कोसळतो आणि युद्धाचा सगळा कल्लोळ एकदम कानांवर येऊन आदळतो. भावाने भावाला मारलं त्या क्षणी. जळत्या गढीच्या पायऱ्यांवरून हिदेतोरा उतरतो तेव्हा पोट चिरून घ्यायला त्याच्याजवळ तलवारही उरलेली नाही. ती गढी फुजी पर्वताच्या उतारावर खरोखर बांधून खरोखर जाळली होती. हिदेतोरा साकारणाऱ्या तात्सुया नाकादाई यांना त्या पायऱ्या एकदाच उतरता येणार होत्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. राजाला पापांचा इतिहास दिला की त्याचं दुःख म्हणजे केलेल्या कर्माची फेड होऊन बसते. मग शेक्सपिअरच्या नाटकातलं ते अनाकलनीय क्रौर्य उरलं कुठे? आक्षेप अर्धा खरा आहे. काएदेपुरता हिशेब चोख जुळतो. इचिमोंजींचं घर बुडणं हाच तिचा हेतू होता, हे ती स्वतःच्या तोंडाने सांगते. पण कुरोसावा तिथे थांबत नाहीत. क्षमा करणारी सुए मारली जाते. बापाला शोधून काढून घोड्यावर घेतलेला साबुरो समेटानंतर थोड्याच वेळात गोळी लागून मरतो. त्याने कोणाचं काय बिघडवलं होतं? पापाची वसुली सुरू झाली की ती फक्त पाप्याच्या दारात जात नाही. नाटकातल्या कॉर्डेलियाच्या मृत्यूची जळजळ इथे वेगळ्या वाटेने परत येते.

मराठी प्रेक्षकाला ही तुलना परकी वाटू नये, कारण त्याच्या घरीही एक लिअर आहे. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० मध्ये दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगभूमीवर आणलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. २०१६ च्या महेश मांजरेकरांच्या चित्रपटात ती भूमिका नाना पाटेकरांनी केली. शिरवाडकरांनी राजाच्या हातून तलवार काढून घेतली. बेलवलकरांनी आयुष्यभर राजे रंगवले, राज्य केलं नाही. कोणाचं घर जाळलं नाही, कोणाचे डोळे काढले नाहीत. शिवाय लिअर आणि हिदेतोरा यांना जी नाही ती सहचारिणी, कावेरी, त्यांच्या सोबत आहे. त्यामुळे आपली सगळी माया म्हाताऱ्याकडे वाहते आणि मुलांच्या बाजूने बोलायला कोणी धजत नाही. हिदेतोरासाठी रडताना मात्र प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर त्सुरुमारूही असतो.

‘रान’ पाहून मूळ नाटकाकडे परत गेलं की काही जागा निराळ्या दिसू लागतात. लिअरचे शंभर स्वार आपल्या घरात धिंगाणा घालतात, ही गॉनरिलची तक्रार सहसा कृतघ्न लेकीचा बहाणा म्हणून वाचली जाते. पीटर ब्रूकने १९६२ मध्ये पॉल स्कोफील्डला घेऊन नाटक बसवलं तेव्हा त्या स्वारांना खरोखरच धुडगूस घालायला लावला आणि तक्रारीत तथ्य असल्याचं दाखवून दिलं. अशीच आणखी एक जागा तिसऱ्या अंकात आहे. झोपडीत शिरण्यापूर्वी लिअर क्षणभर थबकतो, उघड्यावर भिजणाऱ्या गोरगरिबांना आठवतो आणि कबूल करतो की राजा असताना आपण त्यांची फारशी फिकीर केली नाही. सबंध नाटकात त्याच्या कारभाराबद्दल त्याने स्वतःहून दिलेला जबाब एवढाच. शेक्सपिअरने तो दोन-चार ओळींत आटोपला. कुरोसावांनी त्याच जबाबाची उलटतपासणी सुमारे पावणेतीन तास घेतली आहे.