शांतता आणि तिसरी पिन

आपल्यामुळे दुसऱ्याला होणारा त्रास आपल्याला ऐकूच येत नसेल, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते का? हा प्रश्न आम्ही पुस्तकात वाचला नाही. तो आमच्या बैठकीच्या खोलीत, एका काळ्या डब्यातून आमच्यासमोर आला.

नागपुरातल्या प्रताप नगरात आमचे घर आहे. मध्यमवर्गीय वस्ती. घरे एकमेकांना इतकी लागून, की एका घरी फोडणी पडली तर दुसऱ्या घरी शिंक यावी. मुलाने हौसेने होम थिएटर आणले. पाच लहान स्पीकर आणि खालचे, जाड आवाज काढणारा एक सबवूफर. तो भिंतीशी ठेवला. टीव्ही बंद झाला तरी सबवूफरचे बटण कोणी बंद करत नसे. २०२४ च्या मे महिन्यात एका सकाळी शेजारचे काका फाटकाशी आले. निवृत्त शिक्षक, मोजके बोलणारे. म्हणाले, "राग नका मानू, पण रात्री तुमच्याकडून घूंऽऽ असा आवाज येतो. टीव्ही बंद असला तरी येतो. हिची झोप होत नाही."

आम्ही चटकन म्हणालो, "आम्हाला तर काही ऐकू येत नाही."

हे खरे होते. पण ते ज्या सुरात म्हटले गेले, त्या सुराची नंतर लाज वाटली. काका गेल्यावर आमच्या मनात पहिला विचार आला तो आवाजाचा नव्हता. तक्रार खरोखर आवाजाची आहे की आमची, हा तो विचार होता. मुसलमानाच्या घराबरोबर 'आवाज' हा शब्द आला, की आपले कान लगेच टवकारतात. त्याला कारणेही आहेत, ती इथे उगाळत नाही. पुढे काकांनीच सांगितले की ते तीन आठवडे गप्प बसले होते. "तुम्हाला काही वेगळंच वाटेल म्हणून." म्हणजे भिंतीच्या त्यांच्या बाजूला संकोच होता, आमच्या बाजूला संशय होता आणि मधून तो आवाज सुखेनैव चालू होता.

त्या रात्री दिवे मालवून आम्ही सोफ्यावरून उठलो आणि भिंतीला कान लावला. आवाज होता. मधमाश्यांचे पोळे दूर कुठे तरी असावे तसा, एकसुरी. सोफ्यावर परत आलो, तर जवळजवळ नाहीसा झाला.

याचे कारण साधे आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तिची घरघर स्पीकरमध्ये शिरली की ५० हर्ट्झचा खोल सूर उमटतो. लहान स्पीकरला तो सूर पेलत नाही, सबवूफर मात्र अशाच खोल सुरांसाठी बनवलेला असतो. या सुराच्या एका लाटेची लांबी सुमारे सात मीटर भरते. समोरासमोरच्या भिंतींतले अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे साडेतीन मीटरच्या आसपास असले, की आवाज भिंतींपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मधोमध सर्वांत कमी होतो. आमची खोली साडेअकरा फुटांची, आणि सोफा बरोबर मध्यभागी. म्हणजे आमचा आवाज जिथे सर्वांत कमी ऐकू येतो, नेमकी तीच जागा आम्ही बसायला निवडली होती. असे खोल सूर भिंतीला फारसे जुमानत नाहीत. ते पलीकडे जातात आणि तिथे कोणाची तरी उशी असते.

कायद्याचा आधार घ्यावा, तर तोही अपुरा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ही मोजणी माणसाच्या कानाच्या कलाने करतात. आपला कान खोल सुरांना मंद असल्यामुळे त्या मोजणीत ५० हर्ट्झच्या सुरातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे काका-काकूंची झोप मोडली तरी यंत्राचा काटा कदाचित हलला नसता. कायद्याच्या दृष्टीने आम्ही निर्दोष ठरलो असतो. कायद्याचा कान जिथे संपतो तिथून शेजारधर्म सुरू होतो. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याचा ईमान पुरा नाही, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात डेसिबलची अट नाही.

सीताबर्डीवरून एक तंत्रज्ञ मुलगा आला. हुशार होता. त्याने आधी सबवूफरला ॲम्प्लिफायरकडून येणारी वायर काढली. घरघर थांबली. "डब्बा चांगला आहे," तो म्हणाला. वायर काढूनही घरघर राहिली असती, तर डब्याच्या आतल्या पॉवर सप्लायवर, तिथल्या कपॅसिटरवर संशय घ्यावा लागला असता. मग ती वायर परत लावून त्याने सेटटॉप बॉक्सला येणारी केबलची तार काढली. घरघर पुन्हा थांबली. तार लावली, सुरू झाली. "दोन अर्थिंग भांडताहेत," त्याने निदान केले.

ते असे. सबवूफरच्या प्लगची तिसरी पिन आमच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याशी जोडलेली. केबलच्या तारेवरची जाळी दूर कुठल्या तरी खांबापाशी जमिनीला जोडलेली. जमीन एकच असली तरी दोन ठिकाणची विद्युत पातळी एक नसते. त्यातून नागपूरचा मे महिना. काळी माती वाळून भेगाळते, खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग कमजोर होते. मग दोन जमिनींमधला फरक भरून काढायला बारीकसा प्रवाह वाहू लागतो, आणि तो वाहतो आवाजाच्या वायरीच्या जाळीतून. सबवूफर बिचारा त्यालाच संगीत समजून मोठा करतो.

"उपाय?" आम्ही विचारले.

"ही पिन काढून टाकू. सगळेच काढतात."

त्याने प्लगची तिसरी पिन काढली. घरघर गेली. पाच मिनिटांचे काम. दुसऱ्या दिवशी काकूंनी कैरीचे पन्हे पाठवले. आम्हाला वाटले, प्रश्न सुटला.

तीन आठवड्यांनी, फरशी पुसायला येणाऱ्या बाई दबकत म्हणाल्या, "भाभी, त्या काया डब्ब्याले ओलं फडकं लावलं का हाताले मुंग्या येतात जी."

"कधीपासून?"

"तो पोरगा येऊन गेला तवापासून."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"म्हटलं, माह्याच हातून काही बिघडलं असन. महागाची वस्तू तुमची."

इथे आमचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू झाला. तिसरी पिन शोभेची नसते. ती इतर दोन पिनांहून लांब असते, कारण वीज पोहोचण्याआधी तिचा स्पर्श व्हावा आणि वीज तुटल्यानंतरच तिचा स्पर्श सुटावा. ती जाड असते, कारण चुकूनही तिने विजेच्या भोकात शिरू नये. आत एखादी वायर सुटून धातूच्या अंगाला टेकली, तर तो प्रवाह जमिनीत नेऊन माणसाला वाचवणे हे तिचे काम. ती काढली आणि आमची सगळी यंत्रे अधांतरी झाली. त्यांच्यातून नेहमीच किंचित झिरपणारी वीज, जी आधी गुपचूप जमिनीत जात होती, ती आता वाट शोधत बाईंच्या ओल्या हातातून आणि अनवाणी पायांतून जाऊ लागली. मुंग्यांनी जीव जात नाही. पण उद्या आत खरा बिघाड झाला असता, तर त्याचीही वाट तीच होती.

आम्ही ज्याला शांतता म्हणत होतो, ती अशी होती. त्रास संपला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती. भिंतीपलीकडे जो बोलू शकत होता त्याच्याकडून निघून, घरातच जी बोलू शकत नव्हती तिच्याकडे तो गेला होता. काका सुशिक्षित, बरोबरीचे. त्यांना तक्रार करायला तीन आठवडे लागले. बाईंनाही तीन आठवडे लागले, पण त्यांनी आधी स्वतःलाच दोषी धरले होते. आपल्या फिकहमध्ये एक कायदा आहे: एक नुकसान तशाच दुसऱ्या नुकसानीने दूर होत नाही. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या दिवाणी संहितेने तो आपल्या आरंभीच्या तत्त्वांत घेतला आहे. आम्ही तो कधी तरी वाचला होता. प्लगला लागू पडेल असे वाटले नव्हते.

एकदा हे दिसल्यावर बाहेरही दिसू लागले. भोंग्याचा वाद घ्या. धर्माच्या नावाने दुसऱ्याची शांतता मोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात म्हटले, आणि २००५ च्या जुलैमध्ये रात्रीच्या ध्वनिक्षेपकबंदीवर शिक्कामोर्तब केले. भोंगा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले. आपल्यातले अनेक जण हे वाचून लगेच दुसऱ्यांचे डीजे मोजायला बसतात. डीजे मोजावेतच, ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीतलाही मोजावा. पण भोंग्याचे तोंड बाहेर असते. आत सफेत उभ्या असलेल्याला तो तसा ऐकू येत नाही, जसा समोरच्या घरातल्या आजाऱ्याला येतो. आपणही खोलीच्या मधोमध बसलो आहोत का, हे एकदा उठून भिंतीशी जाऊन पाहायला काय हरकत आहे? नमाजातही आवाज फार चढवू नये, फार दाबूही नये, मधला मार्ग धरावा, ही कुराणाची शिकवण आहे. आवाज खाली ठेवायला लुकमानने मुलाला सांगितले, ते कोणा न्यायालयाच्या धाकाने नव्हे.

दुसऱ्या बाजूनेही हेच पाहावे. मराठी मुसलमानाला दोन जमिनी आहेत, असे आपल्याला सतत ऐकवले जाते. भाषेची एक, दीनची एक. त्यांच्यात घरघर होते हे खोटे नाही. ती आपल्याच छातीत आपण ऐकतो. तिच्यावर दोन्हीकडचे शहाणे एकच इलाज सुचवतात: एक पिन काढून टाका. कोणी म्हणतो, मराठी कशाला, ती आपली जबान नव्हे. कोणी म्हणतो, मराठी असाल तर नाव, पोशाख, सण हे सगळे कशाला? पिन काढली की घरघर थांबते हेही खोटे नाही. पण संकट येते तेव्हा ज्या जमिनीने आपल्याला वाचवायचे, तीच सुटलेली असते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला, तेव्हा त्यांनी कोणतीही पिन काढली नव्हती. माणूस म्हणजे यंत्र नव्हे, उपमा फार ताणू नये. पण एवढे यंत्रानेही शिकवले, की दोष दोन जमिनी असण्यात नसतो. त्यांच्यातला फरक बोलण्याच्या वाटेवरून वाहू दिला, तर दोष निर्माण होतो.

खरा उपाय महाग नव्हता, फक्त पाच मिनिटांत होणारा नव्हता. आम्ही नवा तीन पिनांचा प्लग बसवून घेतला. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर आणली, म्हणजे सर्वांची जमीन एक झाली. केबलच्या तारेवर बोटाएवढा आयसोलेटर लावला. तो चित्र येऊ देतो, जाळीतून येणारा प्रवाह तोडतो. अंगणातला खड्डा उकरून कोळसा-मीठ भरले, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकायचे ठरवले. मीटरपाशी ३० मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारे स्विच बसवले. सबवूफर भिंतीपासून दूर सरकवला आणि रात्री त्याचे बटण बंद करू लागलो. बाईंसमोर डब्याला ओला हात लावून दाखवला, आणि चूक आमची होती, तुमची नव्हे, हे त्यांना सांगितले. हे वाक्य सर्वांत उशिरा सुचले, याची नोंद करायला हवी. काकांनाही सगळे सांगितले. पन्हे आम्ही फुकटच प्यायलो होतो, असे म्हटल्यावर ते हसले.

घरघर अगदी शून्य झालेली नाही. डब्याला कान लावला तर अजून किंचित ऐकू येते. पिन काढल्यावर मिळाली होती तशी चोख शांतता आता नाही, आणि ती नसल्याचे आम्हाला वाईट वाटत नाही.

१७ मार्च २०२५ ला महालात हिंसाचार झाला. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. रस्ते अगदी शांत होते. ती शांतता कसली होती हे आम्हाला आता ओळखता येत होते. रात्री नऊच्या सुमारास भिंतीवर दोनदा टकटक झाली. मग काकांचा फोन आला.

"सगळे घरी आहात ना?"

"आहोत. तुम्ही?"

"आहोत. टीव्हीचा आवाज नाही आला आज, म्हणून विचारलं."