न बोललेलें दुःख

भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोंचवावयाचा म्हणून नटास आवाज व हातवारे यांचा आश्रय करावा लागतो. चित्रपटाच्या कॅमेऱ्यानें चेहरा हातभर अंतरावर आणल्यामुळें पापणीची हालचालही पुरेशी होऊं लागली. परंतु ह्या सोयीबरोबर एक नैतिक प्रश्नही उभा राहतो. नट बोलत नाहीं, रडत नाहीं, आणि तरीही आमचे डोळे भरून येतात; तें दुःख त्याचें कीं आमचें?

'क्वीन क्रिस्टिना' (१९३३) ह्या चित्रपटाचा शेवट पाहावा. राज्यत्याग केलेली राणी, प्रियकराच्या मृत्यूनंतर, गलबताच्या अग्रभागीं निश्चल उभी आहे. चेहरा कोऱ्या कागदासारखा ठेव, असें दिग्दर्शक मामूलियन यानें ग्रेटा गार्बोला सांगितलें होतें. म्हणजे त्या कागदावरील शोक प्रेक्षकानेंच लिहिला! ही फसवणूक नव्हे काय, असें कोणी विचारील. आम्हांस तसें वाटत नाहीं. राणीच्या कथेनें ज्याचें मन द्रवलें, त्यालाच तो शोक लिहितां येतो. नट रडला म्हणजे आम्ही केवळ साक्षीदार. तो गप्प राहिला म्हणजे आम्हांस त्याच्याजवळ जावें लागतें.

अर्थात् वाचणारा चुकूंही शकतो. चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स' (१९३१) ह्या चित्रपटाचा शेवट अशा चुकीचाच आहे. ज्या भटक्याच्या पैशानें आंधळ्या फूलवालीस दृष्टि आली, त्यालाच ती डोळसपणें पाहते आणि हंसते. पुढें दया येऊन नाणें देतांना त्याचा हात हातीं लागतो, आणि ओळख पटते. दोनचार शब्दांच्या पाट्या सोडल्या तर सारें हातांनीं व चेहऱ्यांनींच घडतें. फूल ओठांशीं धरलेल्या चॅप्लिनच्या मुद्रेवर आनंद आहे, आणि आतां आपला अव्हेर होईल ही भीतिही आहे.

हा प्रसंग आम्हीं अनेकदां पाहिला व दर वेळीं डोळे पुसले. त्याच आम्हीं, घरांतल्या माणसानें 'कांहीं नाहीं' म्हणून मान वळविली असतां, त्या दोन शब्दांवर विसंबून वर्तमानपत्र पुन्हां उघडलें आहे. चित्रगृहांत तिकिटाच्या मोलानें मिळणारी दृष्टि उंबरठ्याच्या आंत कां मंदावते? पडद्यावरील दुःख ओळखल्यानें आमच्यावर कसलेंही कर्तव्य येत नाहीं. घरांतील दुःख ओळखलें कीं खुर्ची सोडून उठावें लागतें.