परत मिळालेले दागिने आणि अस्तेय

चोरीला गेलेले दागिने पोलिसांना सापडले, तरी ते लगेच घरी येत नाहीत. ते ‘मुद्देमाल’ होतात. पंचनामा होतो, वजन होते, पुडीला सील लागते आणि ती मालखान्यात जाते. खटला संपेपर्यंत ती तिथेच पडून राहावी, अशी रीत पडली होती. तिचे काय होत असे ते पाहा. कर्नाटकातील एका फिर्यादी महिलेचे सापडलेले दागिने पोलिसांच्या ताब्यातूनच नाहीसे झाले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची किंमत राज्य सरकारला भरून द्यायला लावली. २००२ मध्ये गुजरातमधून आलेल्या प्रकरणात तर मुद्देमाल बदलून त्या जागी बनावट वस्तू ठेवल्याचा आरोप पोलिसांवरच होता. तेव्हा न्यायालयाने सांगितले, की सविस्तर पंचनामा करा, छायाचित्रे काढा, हमीपत्र व तारण घ्या आणि मौल्यवान वस्तू हक्कदाराला परत द्या. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही वस्तूंचे वर्णन व छायाचित्रे करून पुढील आदेश मुदतीत देण्याची तरतूद आहे.

म्हणजे आपलाच दागिना आपल्याला हमीवर मिळतो. अनेकांना हा अपमान वाटतो. वास्तविक तो तसा नाही. दागिना सध्या कोणाकडे राहावा, एवढेच न्यायाधीश या टप्प्यावर ठरवतात. तो कोणाचा आहे, हा प्रश्न अजून खुला असतो. चोराकडून विश्वासाने विकत घेतलेला सराफही दावा सांगत उभा असू शकतो.

आता साधकाच्या दृष्टीने खरा प्रश्न. योगसूत्रांतील पाच यमांत सत्याच्या लगेच पुढे अस्तेय येते. आपण ते चोराला लावतो. ज्याच्या घरी चोरी झाली, त्यालाही ते लागू आहे का?

सोने ओळखणे सोपे नसते. एकाच घडणीच्या बांगड्या शेकडो घरांत असतात. पुष्कळदा सापडते ती वितळवलेली लगड, आणि तिच्यात कोणाकोणाचे सोने मिसळले आहे हे कुणाला सांगता येणार? ओळख पटवताना आपल्यासमोर एक साखळी ठेवली जाते. ती आपल्या साखळीसारखी आहे. आपलीच आहे का, याची मनाला खात्री नाही. ‘होय, हीच’ म्हटले तर अडवणारे सहसा कोणी नसते. फिर्याद देतानाच सात तोळ्यांचे दहा तोळे लिहून ठेवले असतील, तर हे ‘होय’ आणखी सहज निघते.

‘आमचे गेलेच आहे, मग कुठूनतरी भरून निघाले तर काय बिघडले?’ हा युक्तिवाद सहानुभूती वाटावी असा आहे. पण तो टिकत नाही. आपले नुकसान चोराने केले. ती साखळी दुसऱ्या कुणाची असेल, तर तिच्यावर आपल्या नुकसानीचा काहीच हक्क नाही. तिची वाट पाहणारे घर कदाचित आपल्यासारखेच हवालदिल असेल. म्हणून ‘सारखी दिसते, पण खात्री नाही’ एवढेच सांगणे प्राप्त आहे. त्याने सोने हातचे जाऊ शकते. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले असले तरीही. हे सोपे आहे असे कोणी सांगू नये.

एक साधा उपाय मात्र करता येतो. वस्तू दाखवली जाण्यापूर्वीच आठवेल ते लिहून काढावे: वजन, कडीची घडण, कुठे डाग दिला होता, पावती कोणत्या सराफाची. एकदा पाहिल्यावर स्मरणशक्ती समोरच्या वस्तूप्रमाणे वाकते, आणि आपण खोटे बोललो हे आपल्यालाही कळत नाही.

सुपूर्दनाम्यावर मिळालेला दागिना निकालापर्यंत मोडून नवा घडवू नये. मागितला तेव्हा तो न्यायालयात हजर करायचा असतो. आणि एखाद्या दिवशी दुसरेच कुटुंब तिथे येईल, त्यांच्या हातात लग्नातला जुना फोटो असेल.