कागदावर सगळेच धावतात

'चार जण रस्त्यात एका निरपराध माणसाला मारताहेत. तुम्ही काय कराल?' असं कागदावर विचारा. 'मधे पडेन' असं लिहायला कुणाचं काय जातं?

बघ्यांचा अभ्यास करणारे संशोधक असे लेखी प्रसंग वापरतात. काही जण चित्रफीत दाखवतात. दोन्हींत खुर्ची सुरक्षितच असते. पण लेखी प्रसंगात 'निरपराध' हा शब्द आधीच बसवलेला असतो. निवाडा लिहिणाऱ्यानं केलेला, आपण फक्त सही करायची. चित्रात शब्द नसतो. कोण मारतंय, कोण खातंय, एवढंच. गुन्हा कुणाचा हे डोळा ठरवतो. आणि डोळा कोरा नसतो, दोस्तहो. त्याला घरानं, गल्लीनं, जातीनं शिकवलेलं असतं.

माणूस मुळातच षंढ असतो असं म्हणाल, तर तेही खरं नाही. ॲमस्टरडॅम, केपटाऊन आणि लँकेस्टर इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली 219 भांडणं संशोधकांनी तपासली. 2019 साली निष्कर्ष आला : दहातल्या नऊ भांडणांत निदान एक तरी माणूस मधे पडला होता.

मग प्रश्न उरतो, कुणासाठी? 2005 साली मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग छापून आला. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा पडायचा, घोटा धरून कण्हायचा. अंगात त्याच संघाचा शर्ट असला की माणसं धावायची. लिव्हरपूलचा असला की फार कमी. दुसऱ्या गटाला आधी 'आपण सगळे फुटबॉलवाले' असं आठवून दिलं. मग लिव्हरपूलवाल्यालाही हात मिळाला. साध्या शर्टाला मात्र तेवढा नाही. पडणारा तोच, दुखणं तेच. सरकली फक्त 'आपल्या'ची हद्द. हा गुन्हा नव्हता, नुसतं पडणं होतं. तरी शर्ट आडवा आला. आमच्याकडं तर शर्ट काढता येत नाही.

2016 साली गुजरातेत ऊनाला, मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून भर दिवसा झोडपलं. त्याची फीत देशभर फिरली. मारणाऱ्यांना ती मर्दुमकी वाटली, आपल्याला गुन्हा. फीत एकच. तीच बघून माणसं अहमदाबादहून ऊनापर्यंत चालत गेली.

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाही, ती राबवायला शिपाई लागेल. बघ्या म्हणजे शिपायाची वाट बघत उभा राहिलेला माणूस.

आणि हे फक्त त्यांना लागू नाय. आपल्याच चाळीत नवरा बायकोला बडवतो, तेव्हा आपल्या डोळ्याला गुन्हा दिसतो, की 'घरातली बाब'? शेजारी मार खाणारा परप्रांतीय असला, दुसऱ्या धर्माचा असला, की आपली हद्द कुठवर जाते?

म्हणून अभ्यासवर्गात 'तुम्ही काय कराल' हे विचारणं पुरे. चित्र दाखवा आणि विचारा, 'तुला काय दिसलं?' जो आधी खरं बघायला शिकेल, त्याच्या पायांचं नंतर बघू.