घागर ठेवून गेलेली बाई

महाराष्ट्रात २५ डिसेंबर दोन निराळ्या कारणांनी पाळला जातो आणि तो पाळणारी माणसं सहसा एकमेकांच्या दारी जात नाहीत. ख्रिस्ती घरांत त्या दिवशी नाताळ असतो. आंबेडकरी चळवळीत आणि पुष्कळ स्त्री-संघटनांत तो मनुस्मृती दहनाचा, म्हणून भारतीय स्त्री मुक्तीचा दिवस असतो. १९२७ साली या तारखेला महाडात, फत्तेखान यांनी दिलेल्या जागेवरच्या मांडवापाशी, तो ग्रंथ जाळला गेला. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं आणि त्यानंतर ते तळं पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं होतं.

लढा पाण्याचा होता, मग पोथी का जाळली? कारण तळ्याच्या काठावरची मनाई पोथीतून आलेली होती. पाण्याला कोणी शिवावं हे ज्या ग्रंथाने ठरवलं, त्यानेच मंत्र कोणी उच्चारावा हेही ठरवलं होतं, आणि त्या दुसऱ्या यादीत शूद्रांच्या शेजारी सर्व वर्णांच्या स्त्रिया बसवल्या होत्या. म्हणून महाडच्या तळ्याकाठी उभं राहिलं की पाण्याबरोबर वाणीचाही विचार मनात येतो. ख्रिस्ती मंडळीत स्त्रीने उपदेश करावा का, शिकवावं का, हा वाद मी पुष्कळदा वाचला आणि ऐकला आहे. तो नीट उलगडायचा तर पॅलेस्टाइनपेक्षा महाड सोयीचं आहे, असं मला वाटतं.

अस्पृश्याला पाणी मिळतच नव्हतं, असं नाही. कोणीतरी वरून ओतलं तर मिळत होतं. साताऱ्याच्या शाळेत शिपाई हजर असेल तर लहानग्या भीमरावाला पाणी मिळे, नसेल तर तो तहानलेला राही. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. महाडला मागितलं गेलं ते स्वतःच्या हाताने पाणी घेणं. घेणारा आणि देणारा यांच्यात जी उंची असते, तिच्यावर तो घाव होता. चर्चमध्येही स्त्रीला काही कमी पडू दिलेलं नाही, असं सांगणारे पाळक भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. बाप्तिस्मा तिला आहे, प्रभुभोजन आहे, पवित्र शास्त्र हातात आहे. फक्त ओतणारा हात दुसऱ्याचा हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय महाडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. भर दुपारी याकोबाच्या विहिरीपाशी एक दमलेला यहुदी गुरू बसला आहे. पाणी भरायला एक शोमरोनी बाई येते. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी भांडं-पाण्याचा व्यवहार ठेवत नाहीत. इथे बाटलेल्या जातीची बाई देणारी आहे आणि उच्च कुळातला पुरुष घेणारा, म्हणजे ओतण्याची सगळी रीतच उलटली. मग दोघांत धर्मचर्चा होते. उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमेत, हा तिचा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. दोन समाजांच्या भांडणाचं मूळच तिने हातात घेतलं आहे. शिष्य परततात तेव्हा त्यांना नवल वाटतं ते गुरू शोमरोन्याशी बोलतो याचं नाही, बाईशी बोलतो याचं. ती घागर तिथेच ठेवून गावात जाते, लोकांना सांगते, आणि पुष्कळ जण तिच्या शब्दावरून विश्वास ठेवतात. शिष्यही याच गावात खायला आणायला गेले होते. ते फक्त खायलाच घेऊन आले.

या अध्यायावरचे उपदेश पाहा. बहुतेक वक्ते तिच्या पाच नवऱ्यांवर रेंगाळतात. तिने गावाला जागं केलं, हे शेवटच्या दोन मिनिटांत उरकतात.

विरोधकांची बाजू पौलावर उभी आहे आणि ती क्षुल्लक नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत शांत राहावं असं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असं स्पष्ट आहे आणि त्याचं कारण आदाम आधी घडला हे दिलं आहे. पण त्याच करिंथच्या पत्रात, तीनच अध्याय आधी, स्त्रीने प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असा नियम आहे. जिने गप्पच बसायचं तिने बोलताना पदर कसा घ्यावा, हे कोण सांगत बसेल? रोमकरांच्या पत्राच्या शेवटी फीबी आहे, किंख्रियातल्या मंडळीची सेविका. प्रेषितांच्या संगतीत गौरवलेली यूनिया आहे. अपुल्लोसारख्या विद्वानाला घरी नेऊन मार्ग अधिक नेमका समजावून देणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्लाचं नाव आधी येतं. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत. पौलाचा गोतावळा त्याच्या नावावर चालणाऱ्या नियमापेक्षा बराच मोठा होता.

हा वाद महाराष्ट्राने पुस्तकात वाचण्याआधी एका बाईच्या रूपात पाहिला.

पंडिता रमाबाई पुराणिकांच्या घरच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला होता. रानातल्या आश्रमात आई लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं, आणि पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडलं. म्हणजे लोकांसमोर बसून धर्मग्रंथ सांगणं हा रमाबाईंचा लहानपणापासूनचा व्यवसाय होता. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये ही वीस वर्षांची मुलगी कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तिथेच पडद्यातल्या स्त्रियांपुढे व्याख्यानं देण्यासाठी तिने धर्मशास्त्रं वाचायला घेतली. एरवी एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रीजात वाईट आणि तिला शूद्रासारखाच वेदाचा अधिकार नाही या मुद्द्यावर एकमताने बोलतात, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. महाडच्या होळीत जे पडलं, ते रमाबाईंनी जवळजवळ पन्नास वर्षं आधी वाचून बाजूला सारलं होतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. डोरोथिया बील तिथल्या प्राचार्य. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार पुढे आला आणि मुंबई व लाहोर इथल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलेलं हिंदुस्थानात कळलं, तर तिथल्या समाजात तिचं वजन राहणार नाही, असा त्यांचा हिशेब. १८८५ मध्ये रमाबाईंनी उत्तर दिलं. माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवण्याला ना माझ्या वडिलांनी आक्षेप घेतला ना माझ्या नवऱ्याने. तो इंग्रज माणसं घेतात याचंच नवल वाटतं, असा त्या उत्तराचा आशय. ख्रिस्ताच्या मंडळीत मी आले म्हणजे धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द मानायला बांधले गेले नाही, हेही त्यांनी त्याच पत्रव्यवहारात बजावलं.

ज्या धर्मात त्या समतेच्या ओढीने गेल्या, त्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना ‘तुमच्या’ लोकांच्या भावना सांगून थांबवलं; आणि त्या लोकांतल्या एका कर्मठ पुराणिकाने त्यांना कधी थांबवलं नव्हतं. त्याच वर्षी जोतीराव फुले ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेत होते. बिशपांनी ‘सत्सार’ वाचला असता, तर हिंदुस्थान एकमुखी नाही एवढं तरी त्यांना कळलं असतं.

सगळे पंथ मात्र असे नव्हते. १८८२ मध्ये मुक्ती फौज मुंबईत उतरली, तेव्हा त्या चार जणांत एक स्त्री अधिकारी होती. मुक्ती फौजेच्या कॅथरीन बूथ यांनी स्त्रीच्या उपदेशाच्या हक्कावर १८५९ मध्येच पुस्तिका लिहिली होती.

चर्चची मनाई दाराच्या आतच कडक होती, हे मला या इतिहासात सर्वांत बोलकं वाटतं. महाडवरून वाहणारी सावित्री जिथे समुद्राला मिळते, त्या बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी काम सुरू केलं. कोकणात आणि घाटावर मिशनांना लवकरच उमगलं की घरातल्या बायकांपर्यंत पाद्री पोचू शकत नाही. मग ‘बायबल वुमन’ नेमल्या गेल्या. या मराठी बायका आळीआळीने हिंडत, शास्त्र वाचून दाखवत, अर्थ सांगत, शंकांना उत्तरं देत. याला उपदेश म्हणायचं नाही, इतकाच संकेत होता. तीच बाई रविवारी बाकावर बसली की तीमथ्याचं पत्र लागू. गरज होती तिथे वचन मऊ झालं आणि मान होता तिथे ताठ राहिलं. देवाची आज्ञा अशी जागा पाहून वागते, यावर माझा विश्वास बसत नाही. माणसांची व्यवस्था मात्र हमखास तशी वागते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हा प्रश्न कोणाला विचारलाच नाही. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांची वस्ती, कुठल्याही एका पंथाच्या ताब्यात नसलेली. १९०५ च्या धर्मजागृतीनंतर तिथल्या मुलींचे जथे प्रार्थना करत, शुभवर्तमान सांगत गावोगाव गेले. आणि रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसल्या. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकांच्या हातचं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

तीमथ्याच्या पत्रातलं ते वचनही त्यात आहे. स्त्रीने शिकवू नये, हे वाक्य एका स्त्रीने मूळ ग्रीकमधून उतरवलं आणि बायकांच्या छापखान्यात ते छापून निघालं. रमाबाईंनी ते गाळलं नाही, बोथटही केलं नाही. महाडला ग्रंथ जाळला गेला, केडगावला छापला गेला. मला या दोन कृती परस्परविरोधी वाटत नाहीत. ज्या ग्रंथाने तुम्हाला आत येऊच दिलं नाही, त्याचं भाषांतर करत बसण्यात अर्थ नव्हता. ज्याने आत घेऊन तोंडावर बोट ठेवायला सांगितलं, त्याचा शब्द आपल्या जिभेवर आणून त्याला प्रश्न विचारता येत होता. बिशपांना पत्रातून दिलेल्या उत्तरापेक्षा हे उत्तर मोठं होतं, कारण आता पौलाच्या पत्रांवर वाद घालायलाही मराठी पाळकाला एका बाईचं मराठी हाताशी होतं.

यावर हसून, बघा हे ख्रिस्ती, असं म्हणायची सोय कोणाला नाही. महाडच्या अनेक घरांनी १९५६ नंतर जो बौद्ध धम्म घेतला, त्याच्या विनयातही पहिली भिक्षुणी गौतमी हिच्यावर आठ गुरुधर्म लादलेले दिसतात आणि शेवटच्याने भिक्षुणीने भिक्षूला उपदेश करण्यावर बंदी आहे. बाबासाहेबांना हे टोचत होतं. १९५१ मध्ये हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लिहिताना त्यांनी बुद्धाला स्त्रीविरोधाच्या आरोपातून सोडवण्याची खटपट केली. पण त्याच परंपरेच्या थेरीगाथेत पुण्णिका आहे. ती पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने शुद्धी होत असेल, तर बेडूक आणि कासवं आधीच स्वर्गात गेली असतील ना? ब्राह्मण निरुत्तर होतो आणि तिचा मार्ग धरतो. महाडच्या १०८ घागरींपुढे हिला उभी करायला हवी होती. शोमरोनची ती आणि ही, दोघी पाणक्या. ज्याच्या हातचं पाणी चालतं की नाही यावर समाज वाद घालतो, त्याच्या तोंडून दोन्ही ग्रंथांनी धर्म सांगवला आहे आणि दोन्ही संघांनी नंतर ते विसरायचं ठरवलं.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केलं. राहणी बदला, मुलींना शिकवा, असं सांगितलं. पंधरा वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. चर्चला वेळ लागला. नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि रमाबाईंना हरकत घेणाऱ्या बिशपांपैकी एकाचा मुंबई धर्मप्रांत त्यात सामील झाला. या चर्चमध्ये आज स्त्रीला पाळकपदाची दीक्षा मिळते. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये नंद्यालला पुष्पललिता बिशप झाल्या. ज्या इंग्लंडच्या चर्चमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, तिथे स्त्रियांना धर्मगुरूपद १९९४ मध्ये मिळालं. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक चर्चपुरता हा विषय संपल्याचं जाहीर केलं. २०२१ पासून कॅथलिक स्त्रीची मिस्सेत वाचक म्हणून रीतसर नेमणूक होऊ शकते. ती जुन्या करारातला उतारा वाचते, पौलाची पत्रंही वाचते. शुभवर्तमान मात्र धर्मगुरू किंवा उपधर्मगुरूने वाचायचं आणि त्यावरचं प्रवचनही त्यांनीच करायचं. म्हणजे योहानाचा चौथा अध्याय ज्या रविवारी येतो, त्या दिवशीही शोमरोनी बाईचे शब्द वेदीपाशी पुरुषाच्या तोंडूनच ऐकू येतात. वसईच्या एखाद्या चर्चमध्ये त्या सकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गात हाच अध्याय मुलांना समजावून सांगणारी शिक्षिका बहुधा बाईच असते, आणि तिथे तिला कोणी अडवत नाही.