सत्तर पानांचा हिशेब

तेंदूपत्त्याचा एक पुडका म्हणजे ७० पानं. आमच्या झाडीपट्टीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. सिंदेवाहीकडच्या माझ्या मावशीचा हात या कामात असा बसलेला होता, की ती शेजारणीशी बोलायची, नातवावर ओरडायची आणि बोटं मात्र पानावर पान ठेवत जायची. सत्तरावं पान पडलं की हात आपोआप दोरीकडे वळायचा. पानं जमा करायच्या फळीवरच्या मुन्शीने तिचा पुडका कधी सोडून मोजला नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये तिला कोरोना झाला. ऑक्सिजन लागला नाही, भरती व्हावं लागलं नाही. पाच-सहा दिवसांत ताप उतरला, घरच्यांनी देवापुढे दिवा लावला. मे महिन्यात पत्त्याचा हंगाम सुरू झाला. मावशी पानं घेऊन बसली आणि चाळीसच्या आसपास थबकली. पुन्हा एकपासून सुरुवात केली, पुन्हा थबकली. "मोजता मोजता भुलून जाते गा. कितीवर होती, ध्यानातच राहत नाही," ती म्हणाली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती बांधीत अर्धा दिवस वाकली, की पुढचे दोन दिवस खाटेवरून उठत नसे. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, पायांना मुंग्या यायच्या. पुढच्या मार्चमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायला गेली, तर तिला वास येईना. मोहाच्या झाडाखाली उभं राहून मोहाचा वास न येणं म्हणजे काय, हे या भागात वाढलेल्या माणसालाच कळेल.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक निघालं. "कमजोरी आहे, हळूहळू जाईल," असं सांगून त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

कमजोरी. चंद्रपूर-गडचिरोलीत आजारानंतरच्या प्रत्येक दुखण्याला हा एकच शब्द आहे. त्यावर सलाईन लावलं जातं, ताकदीची सुई टोचली जाते, पुजाऱ्याकडे नेलं जातं. हा शब्द खोटा नाही. माणसाला जे जाणवतं तेच तो सांगतो. पण ते इतकं मोठं गाठोडं आहे, की आत काय काय बांधलंय हे कुणी सोडून पाहत नाही. मावशीच्या कमजोरीत निदान चार गोष्टी होत्या: लक्ष न टिकणं, उभं राहताच गरगरणं, वास जाणं आणि कष्टानंतर उशिरा कोसळणं. या चारही गोष्टींचा संबंध मज्जासंस्थेशी असू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. कोरोना झाल्यानंतर साधारण तीन महिन्यांच्या आत दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या निदानाने उलगडत नाहीत अशी लक्षणं म्हणजे कोरोनापश्चात अवस्था, म्हणजेच 'लाँग कोविड'. थकवा, धाप आणि विचारशक्तीवर आलेलं मळभ ही तिची ठळक लक्षणं. ज्यांना सौम्य आजार झाला होता त्यांनाही ती होते. विषाणूने मेंदूत घर केलंच पाहिजे असं नाही. त्याच्याशी लढायला पेटलेली प्रतिकारशक्ती विझायला वेळ लागतो, त्या धगीत बारीक रक्तवाहिन्यांना आणि नसांना इजा होऊ शकते. नाडी, रक्तदाब, घाम यांचा तोल आपल्या नकळत सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था विस्कटू शकते. रक्ताच्या साध्या तपासणीत आणि छातीच्या फोटोत यातलं काही उमटत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' आणि 'माणूस बरा' ही दोन वाक्यं एकच आहेत असं समजू नये.

या चारपैकी उभं राहताच गरगरणं तर खाटेवरच तपासता येतं. माणसाला दहा मिनिटं आडवं निजवायचं, नाडी मोजायची. मग उभं करायचं आणि पुढची दहा मिनिटं मोजत राहायचं. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला तीस ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब पडलेला नसला, तर उभं राहण्याचा तोल बिघडल्याची ती खूण असते. साथीच्या काळात बोटाला लावायची यंत्रं गावोगाव पोचली. नाडीही तीच दाखवतात. अशी तपासणी करायला डोंगराएवढा खर्च लागत नाही. परत येऊन दार ठोठावणारं कुणीतरी लागतं.

हा प्रश्न कोरोनाबरोबर आला असं मानणं या मातीवर अन्याय करणारं होईल. मेंदूज्वर घडवणाऱ्या चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूरजवळच्या गावावरून. १९६५ मध्ये तापाच्या रुग्णांच्या रक्तातून तो वेगळा केला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने. तो पसरवणारी वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. २००७ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात मुलांमध्ये मेंदूज्वराचा उद्रेक झाला. ७८ रुग्ण नोंदले गेले, मृत्यूदर ४३.६ टक्के होता. जपानी मेंदूज्वर तर धानाच्या बांध्यांशीच बांधलेला आहे. साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास, बगळे आणि डुकरं यांच्यात तो फिरत राहतो, तिथून माणसाला गाठतो. लागण झालेल्या सुमारे अडीचशे जणांत एकाला गंभीर आजार होतो. पण मेंदूज्वरातून जे वाचतात, त्यातल्या ३० ते ५० टक्क्यांना कायमचे मज्जासंस्थेचे किंवा मानसिक दोष राहू शकतात: झटके, आखडलेले हातपाय, बोलण्यातली अडखळ, शाळेत न लागणारं चित्त, बदललेला स्वभाव.

साथीच्या तक्त्यात लागण, मृत्यू आणि बरे झालेले असे तीन रकाने असतात. त्यातला तिसरा भरला की फाइल बंद होते. माणसाचं पुढचं आयुष्य त्या तिसऱ्या रकान्याच्या पलीकडे सुरू होतं, आणि तिथे कागदच संपलेला असतो.

जंगलातल्या जिल्ह्यांत हे जास्त बोचतं, कारण इथली मजुरी नगावर आणि शरीरावर चालते. पगारी माणूस आजारपणाची रजा टाकतो, पण मोह कुणासाठी थांबत नाही. पत्त्याचा हंगाम दोनेक आठवड्यांत आटोपतो, रोवणा पावसाच्या तालावर होतो. त्यात मागे पडलेली बाई वर्षाच्या मिठा-तेलाला मुकते. मेंदूच्या तज्ज्ञासाठी बहुतेकांना नागपूर गाठावं लागतं. भामरागडच्या माणसाला तर पावसाळ्यात आधी पर्लकोटा नदीचा पूर ओसरण्याची वाट पाहावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात दीर्घकालीन मज्जाविकारही आहेत. पण बहुतेक सवलती ४० टक्क्यांच्या दाखल्यावर अडतात. सोमवारी चालणाऱ्या आणि बुधवारी कोसळणाऱ्या माणसाचे टक्के कुठल्या दिवशी मोजायचे? घरातही संशय येतोच. दिसायला धडधाकट बाई काम टाळते असं सासर म्हणतं, आणि काही दिवसांनी ती स्वतःही तेच म्हणू लागते. माझ्या मते या आजाराची सर्वांत खोल जखम हीच आहे.

प्रत्येक थकव्याचं खापर विषाणूवर फोडणंही घातक ठरेल. आपल्याकडे रक्तक्षय आहे, सिकलसेल आहे, क्षयरोग आहे, गडचिरोलीचा हिवताप आहे. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आहे, मनाला ग्रासणारी उदासी आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींवर हमखास औषध आहे. 'लाँग कोविड' म्हणून मोकळं होणं आणि 'कमजोरी' म्हणून मोकळं होणं यात फारसा फरक नाही. दोन्हीकडे गाठोडं न सोडताच बाजूला ठेवलं जातं.

ते सोडायचं कसं, याचं उत्तर गडचिरोलीनेच देशाला शिकवलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या ठरलेल्या दिवशी घरी जायच्या, बाळ पाहायच्या, लिहून ठेवायच्या आणि पुन्हा जायच्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज देशभरातली आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या दारात उभी राहते ती याच कामाच्या पायावर. पोलिओच्या मोहिमेतही अचानक लुळेपणा आलेल्या मुलाचे नमुने अपुरे पडले, तर साठ दिवसांनी त्याला पुन्हा तपासण्याची शिस्त होती. उरलंसुरलं दुखणं पाहायला परत जाणं आपल्या यंत्रणेला येतं. मोठ्या तापानंतर ते करायचं, एवढंच ठरवायचं राहिलंय.

मेंदूज्वर, चिकुनगुनिया, डेंग्यू, कोरोना, काहीही असो. तापाच्या नोंदीनंतर तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी एक भेट व्हावी. त्या भेटीत चार प्रश्न विचारावेत. पूर्वी जमणारं कुठलं काम आता जमत नाही? उभं राहिल्यावर काय होतं? कष्ट केल्यावर दुसऱ्या दिवशी कसं वाटतं? मूल असेल तर शाळेत आणि खेळात काय बदललं? प्रश्न रुग्णाच्या बोलीत, गरज पडेल तिथे माडिया-गोंडीत, विचारले जावेत. या कामाचा आशाताईला वेगळा मोबदला मिळावा, कारण तिच्या पाठीवर आधीच पुष्कळ ओझं आहे. आणि ज्यांचं उत्तर गंभीर निघेल त्यांच्यासाठी महिन्यातून एक दिवस तरी उपजिल्हा रुग्णालयात मज्जाविकारांची ओपीडी असावी. घरच्यांना एक गोष्ट ठामपणे सांगितली जावी: कष्टानंतर उशिरा कोसळणाऱ्या रुग्णाला 'जरा हिंमत कर' म्हणून कामाला जुंपलं, तर आजार बळावतो. ताकद संपायच्या आधी थांबणं हेच तिथे औषध आहे.

मावशी आज पुष्कळ सावरली आहे. मोहाचा वास थोडा परतलाय, तोही कधी कधी धुरासारखा येतो. सत्तरची मोजणी मात्र परतली नाही. तिसऱ्या हंगामात तिची चौथीतली नात शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, तू दहाच मोज." तेव्हापासून मावशी दहा पानं मोजते, बाजूला ठेवते, पुन्हा दहा मोजते. सात ढिगल्या झाल्या की नात त्या एकावर एक ठेवून बांधते. पुडका पूर्वीसारखाच भरतो. वेळ दुप्पट लागतो, म्हणून पैसे कमी येतात, आणि ते अजून कुठल्या तक्त्यात नाहीत. पण तिला नेमकं काय जमत नाही, हे एकदा कुणीतरी शेजारी बसून पाहिलं, तेवढ्यानेच मार्ग निघाला. चौथीतल्या पोरीला जे सुचलं, ते आपल्या आरोग्यव्यवस्थेला सुचायला किती हंगाम लागावेत?